गुलाबी फुलांचा शर्ट

मलकापुरात पोलीस चौकीसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. तिथले एक हवालदार दर दिवाळीला वर्दीची कंबर सैल करून न्यायचे आणि दोष कापडाला द्यायचे. आवाज असा की त्यांनी चहा मागितला तरी गिऱ्हाईक दचकायचं.

एकदा ते घाईने आत आले. "मास्तर, कुठलाबी शर्ट द्या. ल्हान पोरीचा जबाब हाय, वर्दीत घ्यायचा न्हाई."

पोरीच्या आईला कुणीतरी मागून काठीने मारलं होतं. मारणारा फक्त पोरीने पाहिला होता, पण पोलीस दिसले की ती गप्प व्हायची.

एका नवरदेवाचा गुलाबी फुलांचा शर्ट तयार होता. तोच त्यांनी अंगात चढवला, पण पोटावर बटण लागेना. मायलेकींना दुकानातच बोलावून हवालदार तसेच त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

पोरगी म्हणाली, "काका, ह्यो शर्ट तुमचा न्हाई."

"व्हय बाळा, मागून आणलाय. कुणाला सांगू नगंस."

ती हसली. मग हळूहळू सगळं बोलली. मारणारा त्यांच्याच शेजारचा माणूस होता.

मायलेकी गेल्या तरी हवालदार बसूनच होते.

"उठा की," मी म्हणालो.

"थांबा जरा. त्याला आणायला मलाच जायाचंय. आधी डोकं थंड होऊ द्यात, न्हाईतर त्याच्यावर हात उठंल."