माळवदाचा कारागीर बोटीवर

शहागडच्या आसपास माळवदाची घरं होती, तोवर भुजंगला वैशाखात जेवायलाही फुरसत नसे. लाकडी फळ्यांवर पांढरी माती दाबून केलेलं छत, ते माळवद. ते गळायला लागलं की घरची माणसं छताकडे बघत आणि भुजंग भिंतीवरच्या ओघळाकडे. "पाणी टपकतं एकीकडं, शिरतं दुसरीकडं," असं म्हणून तो वर चढे आणि नेमकी जागा बोटानं दाखवी. चार वर्षं तो माझ्या वर्गात होता. पाढे त्याला शेवटपर्यंत आले नाहीत, पण पाण्याचा उतार त्याला माझ्याहून चांगला कळे.

मग गावोगाव स्लॅब पडले आणि भुजंग विटा वाहू लागला. गवंडीसुद्धा त्याला फक्त "ए, घमेलं आण" म्हणत.

अशात आबारावांनी कोकणातून एक जुनी शिडाची बोट ट्रकवर घालून आणली. आबाराव गावचे मोठे बागायतदार. नदीच्या बंधाऱ्यामागं साठलेल्या फुगवट्याच्या पाण्यावर हायवेच्या गिऱ्हाइकांना फिरवायचं, असा त्यांचा बेत होता. बोट लाकडी, तीस वर्षांची. तिच्या वरच्या, फळ्यांच्या जमिनीला डेक म्हणतात. त्याखाली एक बुटकी खोली, आणि खोलीत उतरायला झाकण. डेकवर बादलीभर पाणी ओतलं की खालची गादी भिजायची.

"काय भुजंगा, घराचं छत आन बोटीचं छत एकच की रं?" आबारावांनी चेष्टेत विचारलं.

"गळायच्या हिशेबानं एकच, आबा."

"मंग आषाढापातूर कोरडी करून दे. बारा महिने बोट तुझ्या हवाली. पगारी काम."

भुजंगची बायको दैवशाला मला म्हणाली, "गुरुजी, आता आमचे मालक बोटीवर आन आम्ही काठावर! हाक मारली तर वळखतील का न्हाई, कुणास ठाऊक." ती हसत होती. पण त्या आठवड्यात तिनं त्याचे दोन सदरे इस्त्री करून आणले, हे मी पाहिलं.

भुजंगनं घाई केली नाही. एकदम पाणी ओतायचं त्यानं बंद केलं. दैवशालाला खोलीत बसवलं आणि उताराच्या खालच्या टोकापासून एकेका जागी तांब्या तांब्या पाणी सोडत वर सरकला. "आलं का?" "न्हाई." "आता?" "न्हाई वो. भूक लागली." झाकणापाशी थोडं आलं. डोलकाठीच्या बुडाशी ओतलं, तेव्हा ते आतल्या तुळईवरून हातभर चालत गेलं आणि नेमकं झाकणाच्या कडेला गादीवर पडलं. कोकणातल्या आधीच्या मालकानं झाकणालाच चार वेळा डांबर फासलं होतं.

झाकणासाठी त्यानं माझ्याकडून खडू नेला. चौकटीच्या कडेवर खडू घासायचा, झाकण दाबायचं, उघडायचं. झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीवर जिथं पांढरं उठलं नाही तिथं फट. दोन बोटं जागा निघाली, तिथं त्यानं नवं रबर बसवलं. डोलकाठीच्या बुडाचे बोल्ट त्यानं काढले, कुजकं लाकूड खरवडलं, आठ दिवस उन्हात सुकू दिलं, आणि मगच तेलात भिजवलेला कापूस ठासून बोल्ट आवळले. त्याचा हात इतका शांत चाललेला मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

राहिल्या डेकच्या फळ्यांमधल्या फटी. वैशाखाच्या उन्हानं त्या इतक्या रुंदावल्या होत्या की नाणं उभं राहावं. भुजंगनं माळवदाला करतात तेच केलं. सागाच्या बारीक चिपा काढून फटींत घट्ट ठोकल्या, वरून राळ ओतली. हात फिरवला तर फट लागू नये, असं काम.

आषाढात बोट पाण्यात गेली. दोन दिवस झड होती. तिसऱ्या दिवशी फळ्या पाणी पिऊन फुगल्या. त्यांना सरकायला जागाच नव्हती. डेक मधोमध कमानीसारखा वर आला, स्क्रू उपटले, दोन फळ्या उभ्या चिरल्या.

काठावर माणसं जमली. आबाराव म्हणाले, "बोटीचं माळवद करून ठिवलंस रं! वर माती टाकायची तेवढी राह्यली." सगळे हसले.

भुजंग मला नंतर म्हणाला, "माळवदाच्या फळ्यांना पाणी लागतच न्हाई, गुरुजी. वर माती अस्ती. ह्या उघड्या व्हत्या, फुगणारच. एवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई." स्वतःच्या चुकीचं इतकं सरळ निदान मी शिकलेल्या माणसांकडूनही फार ऐकलेलं नाही.

बोट राखायचं काम आबारावांनी पुतण्या हरिओमला दिलं आणि कोकणातून मिस्त्री बोलावला. तो आला त्या दिवशी मी आबारावांच्याच गाडीतून नदीच्या घाटावर गेलो होतो. म्हाताऱ्यानं डेक पाहून मान हलवली. मग तो खोलीत उतरला आणि बराच वेळ वर आला नाही.

वर आल्यावर त्यानं विचारलं, "डोलकाठीचं नि झाकणाचं काम कुणाचं? फटी भरताना चुकलाय तो, पण हे काम आमच्याकडे करणारे आता चार नाहीत. त्याला बोलवा. आम्ही दोघं आठ दिवसांत डेक करतो, आणि पुढं बोट त्याच्याकडेच ठेवा."

हरिओम शेजारीच उभा होता. आबाराव म्हणाले, "त्यो ना? गेला गाव सोडून. पुण्याकडं."

घाटाच्या नव्या पायऱ्यांचं काम खाली चालू होतं. मी तिकडे पाहिलं नाही. मिस्त्री "वाईट झालं" म्हणाला आणि पटाशी काढून कामाला बसला.

संध्याकाळी मी भुजंगच्या घरी गेलो. मिस्त्री काय म्हणाला ते निदान त्याला कळावं, असं वाटलं. तो हातपाय धूत होता. माझं अर्धं वाक्य झालं, तेव्हा त्यानं हात वर केला.

"ऐकलं म्या, गुरुजी. खाली विटा वाहून राह्यल्तो. आबा बोलले तेबी ऐकलं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "घमेलं खाली ठिवलं व्हतं. म्हणलं, गुरुजी हायेत वर. हाक मारतील."