मोहाचं दूध

चैत्र, १९५६. धानोऱ्याच्या पुढचं जंगलातलं एक गाव. हजर: मी म्हणजे तिथल्या दवाखान्यातली नर्स, माझे यजमान, दवाखाना झाडणारी गोंड म्हातारी आयतीबाई, आणि धुवट फडक्यात गुंडाळलेलं माझं नऊ दिवसांचं बाळ.

काल ब्रह्मपुरीच्या बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास आला आणि ही हजेरी जशीच्या तशी आठवली.

यजमानांनी मोहाच्या झाडाखाली खड्डा खणला होता. तान्हं मूल गेलं की त्याला मोहाखालीच ठेवायचं, ही तिथली रीत. आयतीबाई म्हणाली, "झाड त्याले दूध पाजते, बाई."

"तो चीक असतो. दूध नव्हे," मी तोडून टाकलं. माझं स्वतःचं दूध अजून येतच होतं. पोलकं पुढून ओलं झालं होतं.

तिने विळ्याने सालीला चीर दिली. पांढरा थेंब वर आला. "तू त शिकलेली आहेस. मंग तूच सांग, आता त्याले कोन पाजन?"

तो चीकच होता, हे मला आजही पक्कं माहीत आहे. पण बाळाला खाली ठेवताना मी त्याचं तोंड खोडाकडे वळवलं.

पुढच्याच महिन्यात आमची बदली झाली. तेव्हापासून दर वर्षी कामांच्या यादीत मी पहिली ओळ तीच लिहिते: मोहाकडे जाऊन यायचं. बाकीच्या सगळ्या ओळींवर काट पडते.