रेघेपलीकडचा मळा

महायुद्ध संपल्यावर सीमेची रेघ मारणाऱ्यांनी ती नेमकी दानिलाच्या वडिलांच्या घराच्या आणि मळ्याच्या मधून मारली. घर युगोस्लाव्हियात राहिलं, वेली इटलीत गेल्या. मोठी झाल्यावर दानिलाच रोज पाठीला टोपली बांधून चौकीवर पास दाखवायची आणि तांबड्या मातीतल्या काळ्या द्राक्षांकडे जायची.

नवरा श्रेच्को तळघरात तेरान करायचा, काळसर, आंबट वाइन. वर्षातून आठ दिवस घराचं दार उघडून ती विकायची इथली रीत. नाक्यावर विक्रीची खूण म्हणून आयव्हीची फांदी टांगली की चौकीच्या रांगेत ताटकळणारे लोक तिच्याकडे वळायचे. अंगणात बसायला जागा उरत नसे.

पुढे सीमा खुली झाली आणि चौकी उठली. त्या दिवशी गावात बँड वाजला, दानिलाही नाचली. पण आता कुणाला थांबायचं कारणच उरलं नाही. गाड्या मोठ्या रस्त्याने सुसाट निघून जाऊ लागल्या. शेजारी एकेक करून शहरात मुलांकडे गेले. श्रेच्को वारला. ल्युब्लियानाला राहणारा मुलगा प्रिमोझ दर रविवारी फोनवर मळा विकायचं काढायचा. ती ‘बघू’ म्हणून हवापाण्यावर यायची.

एका वसंतात तिने हट्टाने फांदी टांगली. बोचरा बुर्या वारा सुटला होता. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. हॅमचे काप, उकडलेली अंडी मांडून ठेवायची आणि संध्याकाळी एकटीनेच खायची. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा काठी टेकत आत आला. टोपी काढल्यावर तिने ओळखलं, चौकीवर पास तपासणारा बोझिदार. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे.

त्याने अर्धा पेला संपवला आणि म्हणाला, “तुमच्या टोपलीत पाल्याखाली तिकडून चोरून आणलेली कॉफी असायची. मला माहीत होतं.”

“मग धरलं का नाहीत?”

“धरलं असतं तर तुमचा पास गेला असता. बाकीचे नुसता पास पुढे करायचे. तुम्ही तेवढ्या विचारायचात, जेवलात का म्हणून.”

ती तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच ते विचारायची. पण तिने त्याचा पेला भरला आणि तोडणीला यायला सांगितलं.

सप्टेंबरात तो खरंच आला. वाकवत नव्हतं, म्हणून सावलीत बसून घडांतले सडके मणी काढायचा. दिवसभरात दोघांत चार वाक्यं व्हायची, तरी संध्याकाळी तिला कुणाशीतरी खूप बोलल्यासारखं वाटायचं. पुढच्या वर्षीही आला. त्यानंतरच्या वर्षी तोडणीच्या तोंडावर त्याच्या भाचीचा फोन आला. त्याला पुरून आठवडा झाला होता.

ती तोडणी तिने एकटीने रेटली, पण हात पुरेनात आणि शेवटच्या रांगा वेलींवरच कुजल्या. हिवाळ्यात तिने अर्धा मळा पलीकडच्या गावातल्या एका जोडप्याला खंडाने दिला. विकला मात्र नाही. “मी आहे तोवर नाही,” असं तिने प्रिमोझला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. राहिलेला अर्धा ती स्वतःच करते. जानेवारीत छाटणी चालते तेव्हा दिवसभर तिच्या कात्रीचाच काय तो आवाज.