साडेतीन मीटर पाणी

माझ्या थोरल्या काकांना बंदरावर सगळे दोरकाका म्हणत. बंदराच्या कार्यालयात पाण्याची खोली मोजायची त्यांची नोकरी. खांद्यावर दोराचं वेटोळं, टोकाला शिशाचा गोळा, दर अर्ध्या मीटरवर चिंधीची गाठ. गोळा तळाला टेकला की भिजलेल्या गाठी मोजायच्या. एकतीस वर्षं हेच. काकू म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या दोराला जास्त जपतात."

बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ उपसायला सरकारने पैसे दिले. ठेकेदाराने दोन महिने यंत्र आणून उभं केलं, धूर सोडला आणि बिल उचलून गेला. गाळ होता तिथेच. ओहोटीला माझ्या बाबांची बोट आत येईना. भरतीची वाट बघत बाहेर ताटकळायचं, तोवर बर्फ वितळायचा, मासळी नरम पडायची आणि व्यापारी घरी गेलेले असायचे. काकांनी तक्रारी केल्या. पत्रं मी लिहायचे, सही त्यांची. चार वर्षांत एकोणीस पत्रं! वरिष्ठांनी त्यांना धारेवर धरलं, पण काका बधले नाहीत. शेवटी एकदाची त्या खर्चाची चौकशी लागली.

चौकशीचे साहेब आले सकाळी अकराला. ऐन भरतीत. त्यांना आणि त्यांच्या कारकुनाला होडीत घेतलं, वल्ही मी मारली. काकांनी तोंडाशी दोर सोडला. सात गाठी भिजल्या. साडेतीन मीटर.

"उत्तम! करारात तीनच होते," साहेबांनी आकडा टिपला.

"साहेब, ते तीन ओहोटीचे. पाच वाजता मोजा, गुडघाभर निघेल."

"पाचला आम्ही निम्म्या रस्त्यात असू."

"मग आकड्यापुढे वेळ तरी लिहा."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "वेळेचा रकाना नाहीये हो यात."

मला वाटलं, तो शिशाचा गोळा उचलावा आणि... जाऊ दे. काकांनी पेन घेऊन समासात वेळ लिहिली. कारकुनाने तो कागद फाडला आणि शांतपणे नवा काढला.

"जास्तीचं काही चालत नाही," तो म्हणाला. "आकडा खोटा आहे का?"

खोटा नव्हता. काकांनी स्वतःच्या हातांनी मोजला होता, आणि आपण मोजलेला आकडा त्यांनी जन्मात कधी नाकारला नव्हता. त्यांनी सही केली. साहेब म्हणाले, "चला, प्रकरण मिटलं." होडी किनाऱ्याला लावेपर्यंत मी रागाने रडत होते.

संध्याकाळी पाचला बाबांची बोट तोंडाशी रुतली. बाबा खाली उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्याला. धक्क्यावर काका उभे होते, दोर अजून खांद्यावरच. बाबांनी तिथूनच हाक मारली, "दादा, आज मोजणी होती ना? किती निघालं?"

काकांनी दोर खांद्यावरून उतरवून खाली ठेवला. मग म्हणाले, "साडेतीन मीटर."

बाबा खो खो हसले. त्यांना वाटलं, दादा थट्टा करतोय.