येळवस शनिवारी की रविवारी

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, शुक्रवार. गिरणीतून आल्यावर दारात सूप घेऊन तीळ पाखडत बसले होते. बाजरीचे उंडे करायचे म्हणजे तीळ हवेतच. पण ते उंडे शेतात खायचे की घरात, आणि कुणी कुणी खायचे, यातलं काहीच धड ठरलं नव्हतं. तीन दिवस सगळ्या शुक्रवार पेठेत येळवसेचा आणि फुटबॉलचा गोंधळ चालला होता. जो तो दुसऱ्याला बोल लावत होता. चूक माझी होती, आणि मला कुणी काही बोलत नव्हतं.

मंद्रूप सोडलं त्या दिवशीही गाठोड्यात तीळ होते. आईनं दिलेले, शेतातले. सतरा वर्षं झाली त्याला. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि माझ्या मालकांना सोलापुरात गिरणीत मागावर काम मिळालं होतं. बसू दोन वर्षांचा, माझ्या मांडीवर झोपलेला. रडारड फारशी झाली नाही, कारण गाडीवानाला उन्हाच्या आत पोचायचं होतं आणि तो सारखा बैलांना चुचकारत होता. आमच्याकडं निघणाऱ्याला नुसतं 'जा' म्हणत नाहीत. कानडीत 'होगी बा' म्हणतात, जाऊन ये. माझ्या वडिलांनी, आप्पांनी तेवढं म्हटलं आणि गाडीच्या साटीवर हात ठेवून म्हणाले, "सोलापूर काय लांब न्हाय. दर येळवसेला येत ऱ्हा. मग तू गाव सोडलंस असं मी म्हणणार न्हाय."

गावाकडून इकडं सोलापुरात आलेल्या तुम्हा लोकांना येळवस सांगायला नको. पण तुमच्या सुनांना आणि नातवंडांना माहीत नसेल म्हणून लिहिते. ही मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं गाव त्या दिवशी शेतात असतं. कडब्याची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची भज्जी, उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. मग आंबिलीचं मडकं घेऊन उभ्या पिकाला शिंपडत शेताभोवती फेरी मारायची. फेरीत सगळ्यांत पुढं घरचा कर्ता. सतरा वर्षांत मी एकही येळवस चुकवली नाही. एका वर्षी बदली कामगारणीला हातापाया पडून माझ्या जागी उभी केली, पण गेले.

बाकी सगळं मात्र बदललं. मंद्रुपात असताना चंद्र बघून मला तिथी कळायची. बाजाराचा दिवस आणि अमावस्या-पौर्णिमा, एवढ्यावर वर्ष निघायचं. सोलापुरात आले आणि आधी भोंगा शिकले. मग तारीख शिकले. रिळं भरायच्या खात्यात काम लागल्यावर हजेरी, खाडा, पाळी हे शब्द तोंडात बसले. आता विचाराल तर इंग्रजी तारीख चटकन सांगेन. तिथी बघायला मला खुंटीवरचं पंचांग काढावं लागतं.

आणि फुटबॉल. तो आमच्या घरात कसा शिरला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बसू पोरांबरोबर चिंध्यांचा चेंडू लाथाडायचा, त्याचे अंगठे फुटायचे आणि मी हळद लावायची, एवढं आठवतं. मग एके दिवशी तो पेठेच्या संघाचा गोलकीपर झाला. बसूचे वडील घरात दिवसाला दहा शब्द बोलत नाहीत, पण मैदानावर त्यांचा घसा बसतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ते गरम पाण्याच्या गुळण्या करतात आणि मी विचारत नाही.

यंदाचा सामन्यांचा तक्ता दिवाळीनंतर आला. न्हाव्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवला होता, सगळा इंग्रजीत. नरसय्या मास्तर आमच्या क्लबाचे सेक्रेटरी, तेलुगू बोलणारे पद्मसाळी विणकर, पेठेतल्या शाळेत शिकवतात. त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. मी नळावरून येत होते. हंडा कमरेवर घेऊन उभी राहिले, कारण माणसांनी रस्ताच अडवला होता.

"पयलाच सामना छावणीशी? हे कुणी ठरवलं, त्यांच्या जावयानं?"

"छावणीवाले बूट घालून खेळणार आणि आपण अनवाणी. निदान कुसळं मरूस्तवर थांबायचं की."

"दोन रविवार रिकामे आणि मग आठ दिसांत तीन सामने. आमच्या पोरांच्या पायाला काय लोखंड मारलंय?"

"मास्तर, पुन्यांदा वाचा. एखाद्या वेळेस बदललं असंल."

मास्तरांनी खरंच पुन्हा वाचलं. काही बदललं नव्हतं. रेल्वे चाळीशी सामना कधी, तेवढं ऐकून घेण्यासाठी सगळे गप्प झाले, कारण गेल्या वर्षी त्यांनीच आम्हाला हरवलं होतं. मास्तरांनी तारीख सांगितली. मार्गशीर्ष संपतानाचा रविवार. तेव्हा मागून मालक म्हणाले, "त्या टायमाला येळवस येतीय."

आमचा गोलकीपर मंद्रूपचा. दोन्ही बॅक तिकडच्याच गावांचे. ओरडणारी निम्मी माणसं भीमेच्या बाजूची.

"मग मैदानावर शिट्टीवाला आणि मास्तर, दोघंच," न्हावी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चार-पाच जण आमच्या दारात आले. पुढं मास्तर. मी चुलीशी होते.

"वैनी, तुमी तिकडच्या," मास्तर म्हणाले. "येळवस नेमकी कवा ते तुमी सांगा. मग आमी अर्ज करतो."

मला बरं वाटलं, हे कबूल करते. सतरा वर्षांत पेठेनं मला पाण्याच्या पाळीबद्दल विचारलं होतं, रिळांबद्दल विचारलं होतं, पण गावची म्हणून कुणी काही विचारलं नव्हतं. बसूनं पंचांग उघडून धरलं. माझे हात पिठाचे. रविवारच्या ओळीत अमावस्या लिहिली होती.

"रविवारी," मी म्हणाले.

"आमच्या तेलुगू पंचांगात पण रविवारच हाय," मास्तर म्हणाले, आणि मंडळी खुशीत गेली.

अर्ज झाला. सामना एक दिवस अलीकडं, शनिवारी चार वाजता घ्यावा, त्या दिवशी गिरणी दुपारीच सुटते. रेल्वे चाळवाल्यांनी मान्य केलं. आमच्या पेठेत लोक असे मिरवत होते की जणू सामनाच जिंकला.

येळवसेच्या आधीच्या मंगळवारी माझा धाकटा भाऊ सिद्धप्पा कडब्याची गाडी घेऊन सोलापुरात आला. गाडी सोडून जेवायला घरी आला. जेवता जेवता म्हणाला, "आक्का, शनवारी बसूला घेऊन ये. आप्पांना आता अजिबात दिसंना. फेरीत बसूच्या खांद्यावर हात ठेवून पुढं चालणार म्हणत्यात. मी म्हटलं, माझा खांदा काय वाईट हाय? तर म्हणाले, तू रोजच हाईस, बसू वर्षानं येतो."

"शनिवारी कसं?" मी म्हणाले. "येळवस रविवारी की."

त्यानं घास हातातच ठेवला. "रविवारी सकाळीच अमुशा सरतीय की. निवद दाखवायच्या टायमाला पाडवा लागलेला असतोय. शनवारी दुपारी अमुशा हाय, मग येळवस शनवारीच. गावच्या स्वामींनी सांगितलं बी." मग जरा थांबून म्हणाला, "इसरलीस व्हय?"

"इसरले न्हाय," मी म्हणाले.

त्याला वाटेला लावून पंचांग काढलं. रविवारच्या ओळीत अमावस्येपुढं बारीक अक्षरात घटका आणि पळं होती. सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात ती संपत होती. शहरात दिवसाला नाव देतात ते सूर्योदयाच्या तिथीचं. आमच्याकडं येळवस नैवेद्याच्या वेळेला बघतात, उन्हं डोक्यावर असताना अमावस्या आहे की नाही ते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी मंद्रुपात प्रत्येक पोराला माहीत असायचं. मी ओळीचं पहिलं अक्षर वाचलं, जसं गिरणीत हजेरीच्या फळ्यावर आपलं नाव आहे का तेवढं बघून पुढं जातात, तसं.

म्हणजे मुळात सामना रविवारी होता तेच बरोबर होतं. येळवसेशी गाठ पडू नये म्हणून अर्ज करून आम्हीच तो ओढून येळवसेवर आणून ठेवला.

बुधवारी गावागावांहून बाकीच्यांनाही हाच निरोप आला आणि पेठेत जे झालं ते मी गंमत म्हणून सांगत नाही. लोकांना खरोखर काही समजेना. निम्मे मास्तरांवर चिडले, की तेलुगू पंचांग मधे आणलं कशाला. मास्तर पंचांग छापणाऱ्यावर चिडले. न्हावी म्हणाला, तक्ताच अपशकुनी, काढून टाका, आणि खरंच काढून टाकला, मग सगळ्यांना पुढचे सामने कळेनात म्हणून परत चिकटवला. एक बॅक म्हणाला मी खेळणार, दुसरा म्हणाला आईला विचारतो. पुन्हा अर्ज करायला मास्तर तयार नव्हते. ते रेल्वे चाळीत बोलायला गेले तर तिकडचा कप्तान म्हणाला, "मास्तर, तुमचा देव जेवतो कधी ते आधी ठरवा, मग बॉल काढू."

मला कुणी काही म्हणालं नाही. मी तिकडची. माझं कसं चुकेल?

शुक्रवारी तीळ पाखडताना बसू शेजारी येऊन बसला. एकोणीस वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा. "आई, काय करू?" म्हणाला.

"तिळातले खडे वेच," मी म्हणाले.

तो वेचू लागला. दहा मुलगे त्याच्या भरवशावर मैदानात उतरणार होते. तिकडं एक म्हातारा माणूस दुसऱ्या कुणाचाही खांदा घ्यायला तयार नव्हता. मालक आत येऊन म्हणाले, "आप्पांना निरोप धाड, बसू पुढल्या येळवसेला..." आणि मधेच थांबले. पुढली येळवस आप्पांना मिळेल असं त्यांनाही म्हणवेना. मग टोपी घालून बाहेर गेले.

मी हिशेब मांडला. मंद्रूपची पहिली मोटार सकाळी सातला. आमचं शेत गावाला लागून. अमावस्या लागते सकाळी दहाच्या सुमारास. नैवेद्य बाराच्या आत, लगेच फेरी. परतीची मोटार दोनला. बंद पडली नाही तर साडेतीनला सोलापूर. बंद पडली नाही तर. त्या मोटारीला मंद्रूपच्या रस्त्यावर माणसांनी ढकलताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा स्वतः ढकलली आहे.

"दोन्हीकडं जमंल," मी बसूला म्हणाले. "न्हाय जमलं तर मैदानावर जमणार न्हाय. आप्पांकडं न्हाय असं होणार न्हाय."

त्यानं मान हलवली. कुठल्या अर्थानं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून भज्जी आणि उंडे केले, आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधलं. गिरणीला खाडा. निघताना आधी मास्तरांच्या दारी गेले. ते दात घासत होते. न्हावी दुकान झाडत होता आणि एक बॅकही तिथंच उभा होता. बरं झालं, एकदाच सांगावं लागलं.

"मास्तर, पंचांग बरोबर होतं. तुमचं बी आणि आमचं बी. मला वाचता आलं न्हाय. घटका बघायला पाहिजे होत्या, त्या मी बघितल्या न्हाईत. चूक माझी."

मास्तरांनी चूळ भरली. "तुमची? तुमी तर तिकडच्या की, वैनी."

"व्हय. तरी चुकले. बसू चारच्या आत येईल, मोटारीनं दगा दिला न्हाय तर. दिला तर दुसरं कुणी गोलात उभं करा."

"मी ऱ्हातो की गोलात," न्हावी म्हणाला. "बॉल आला की वस्तरा दावतो."

मी निघाले.

मोटारीच्या अड्ड्यावर गेले तर मोटार भरत आली होती आणि तिच्यात आमच्या पेठेची सात-आठ माणसं. परवापर्यंत शनिवारी मैदान सोडणार नाही म्हणून शपथा घेणारी. दुसरा बॅक सगळ्यात मागं, तोंडावर पटका ओढून झोपेचं सोंग घेऊन बसलेला. बसू आधीच पुढं येऊन जागा धरून बसला होता. पायाशी त्याची पिशवी, तिच्यात खेळायची चड्डी आणि क्लबाचा अंगरखा.

मी चढले. मडकं मांडीवर घेतलं. मोटारवाला ओळखीचा, दर येळवसेचा. "मंद्रूप ना, मावशी? दरसालसारखं मुक्कामाला?"

"न्हाय," मी म्हणाले. "परतीला दोनच्या गाडीत आमच्या जागा ठेव. आणि मागं तो झोपलाय, त्याची बी ठेव. चारच्या आत घरी पोचायला पायजे."

बोलून गेल्यावर मला ते 'घरी' ऐकू आलं. बसूनं माझ्याकडं पाहिलं. सतरा वर्षं मी मंद्रूपला निघताना घरी जाते म्हणत होते आणि सोलापूरला परत जाते म्हणत होते. मी मडक्याचं फडकं पुन्हा आवळून बांधलं, आंबील हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं, आणि मोटार सुटली.