पिंपळगावावरचं टिंब

जालन्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात दैवशालाबाईंनी मुद्रितं तपासण्यात उमर घालवली. एकदा सख्ख्या पुतणीच्या पत्रिकेत 'आशिर्वाद' छापून आलं, तर मांडवात बसून त्यांनी पाहुण्यांच्या हातातल्या पत्रिका पेनाने दुरुस्त केल्या. दीर अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

छापखाना बंद पडला आणि बाईंचे हात शिवशिवू लागले. तेव्हा लेकीने, शीतलने, त्यांना मोबाइलवर एक मुक्त ज्ञानकोश दाखवला. "आई, यात कुणालाही दुरुस्ती करता येते," एवढं ती बोलली आणि पुढे बराच काळ पस्तावली. बाईंनी 'शुद्धमती' असं नाव घेतलं आणि पहिला हात घातला तो माहेरच्या गावाच्या पानाला. पिंपळगाव रेणुकाई तिथे 'पिंपळगांव' असं लिहिलेलं. बोलताना न उमटणारा अनुस्वार लिहायचा नाही, हा नियम. बाईंनी टिंब उडवलं.

संध्याकाळी टिंब परत जागेवर. बसवणाऱ्याचं नाव 'गांवकरी'. बाईंनी पुन्हा उडवलं, त्याने पुन्हा बसवलं. बाईंनी चर्चापानावर नियम लिहिला. उत्तर आलं, "नियम पुस्तकात, गांव जमिनीवर." बाईंनी विचारलं, "आपले शिक्षण कुठवर झाले?" तो म्हणाला, "तुमच्याशी भांडता यावं इथवर."

ज्ञानकोशाची राखण करणारे कंटाळले. त्यांनी पानाला कुलूप घातलं आणि दोघांना पुरावा आणायला बजावलं. गांवकरीने लगेच गावच्या बसथांब्यावरच्या पाटीचा फोटो चढवला. टिंब ठळक, पांढरंशुभ्र.

बाईंनी फोटो मोठा करकरून पाहिला. माहेरच्या पाटीवर टिंब असल्याचं त्यांना काही आठवेना. दुसऱ्या सकाळी "देवीच्या दर्शनाला जाते" असं नवऱ्याला सांगून त्या निघाल्या. पिशवीत वर ओटीचं सामान, खाली चिंधी आणि टर्पेंटाइनची बाटली.

भर दुपारी थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. बाई बाकावर चढल्या, पाटीला चिंधी लावली, तर बाटली उघडायच्या आधीच चिंधी पांढरी झाली.

"हळू पूस. सकाळीच दुसरा हात मारलाय, ओला हाय अजून."

समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर नथमलकाका उभे होते. मारवाडातून आलेलं त्यांचं घर गावात मुरून पिढ्या झालेल्या. लहानपणी बाईंना लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या त्या याच दुकानातून.

"तू गोजरबाईची दैवशाला न? वर काय करून राह्यली?"

"दर्शनाला आल्ते, काका."

"देवी तिकडं हाय."

बाई गुमान खाली उतरल्या. काकांच्या बोटांना पांढरा रंग लागलेला त्यांना दिसला.

"गांवकरी तुम्हीच का?"

"अन् तू शुद्धमती. माझं शिक्षण इचारत होती."

बाईंचे कान तापले. काकांनी चहा मागवला.

"खोटा पुरावा रंगवला तुम्ही," घोट घेऊन बाई म्हणाल्या.

"अन् तू पुरावा पुसाया आली. बराबरीत सुटलो." काकांनी दुकानाच्या जुन्या पत्र्याच्या पाटीकडं बोट केलं. "आमच्या आजोबाला मराठी येत नव्हती. ह्या पाटीवरची अक्षरं गिरवून शिकले ते. तिच्यावर टिंब हाय. तू ते उडवलं की मला वाटतं, म्हाताऱ्याच्या हातावर कुणी छडी मारली."

बाईंनी ती पाटी बराच वेळ पाहिली. पिशवीत पेन होतं, पण हात तिकडं गेला नाही.

"मंग असं करू. मथळा माझा, खाली ओळ तुमची. 'जुन्या पाट्यांवर पिंपळगांव असे लिहिलेले आढळते.'"

"'आढळते' न्हाई. 'आहे'."

यावर अजून एक चहा झाला.

चर्चापानावरचा समझोता पाहून पानाचं कुलूप निघालं आणि ओळ पानावर चढली. पण 'लेखणीसम्राट' नावाच्या तिसऱ्याच गड्याने ती ओळ खोडली. शेरा मारला, "स्थानिकांची हौस. अनावश्यक."

काकांचा फोन आला. "दैवशाला, पाह्यलं का?"

"पाहून राह्यले. कोण हाय हा?"

"आष्टी गावाचं पान त्यानंच लिहिलंय. पहिल्याच ओळीत 'तालूका' हाय."

बाईंनी चष्मा चढवला. "मी दुरुस्त करते. तुम्ही नुसता पहारा द्या."

त्या दुपारी आष्टीच्या पानावर इतक्या दुरुस्त्या पडल्या, की लेखणीसम्राटाने येऊन नरमाईने विचारलं, "आपणांस नक्की काय हवे आहे?" बाईंनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत काकांची ओळ पानावर परत आली. आष्टीतल्या दुरुस्त्या मात्र बाईंनी मागे घेतल्या नाहीत. त्या बरोबरच होत्या.