सासऱ्यांनी आणलेली ब्रँडी

वडगावात आमच्या घरी दोन हातमाग होते. एकावर थोरला भाऊ बसायचा, दुसऱ्यावर मी. तिशी उलटली आणि माझ्या छातीत काहीतरी व्हायला लागलं. साडी विणता विणता काळीज एकदम उधळायचं. ठोके नुसते जोरात नव्हे, वेडेवाकडे पडायचे. मध्येच एखादा गळायचा, मग पुन्हा घाई. धोटा हातातच राहायचा, कपाळावर घाम फुटायचा. थोड्या वेळानं आपोआप सगळं जागेवर यायचं. भाऊ म्हणायचा, मी दमतोय. मलाही तसंच वाटायचं.

शनिवारी बाजार उरकला की आम्ही काही विणकर दारूच्या दुकानात बसायचो. त्यात चोरून काही नव्हतं. फुटाणे खात, गप्पा मारत घ्यायची आणि जेवायला घरी. पण काळीज बहुतेक दुसऱ्याच दिवशी उधळतं, हे बायकोनं ओळखलं.

"दर आयतवारीच कसं हुतंय वो हे?" तिनं विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

माझ्या दुखण्याची गोष्ट निपाणीला तिच्या वडिलांच्या कानावर गेली. ते तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. आवाज मोठा आणि माया त्याहून मोठी. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळं सगळा जीव माझ्यावर. एके दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं ते आले आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली माझ्यापुढं ठेवली.

"जावईबापू, ही दारू न्हवं, औषिद हाय. आमच्या मालकास्नी मोठा डॉक्टर ब्रँडीच देत हुता. काळीज धरून ऱ्हातंय."

"आप्पा, आदी हितल्या डॉक्टरला इचारूया की," बायको दारातून म्हणाली.

"अगं, डॉक्टरच देत हुता म्हणतोय न्हवं मी."

त्या काळी अशक्त काळजाला ब्रँडी देतच असत, म्हणून मलाही ते खरं वाटलं. त्यांनी पितळी पेल्यात ओतली, मी प्यालो. अंगात ऊब आली. त्यांनी आणखी ओतली, तीही प्यालो. जेवून उठलो आणि काळीज सुटलं. या खेपेला ते जागेवर येईना. आडवं पडलं की दम कोंडायचा. सासरे माझे तळपाय चोळत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

भावानं टांगा आणला. लष्कराच्या कॅम्पाजवळ एक म्हातारे कानडी डॉक्टर होते, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी बराच वेळ नाडी धरली, छातीला नळी लावली आणि काय खाल्लं, काय प्यालं ते विचारलं.

"म्या ब्रँडी पाजली, सायेब," सासरे म्हणाले. "बरं वाटावं म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत. "पुष्कळ डॉक्टर देतात. मीसुद्धा दिली आहे. पण यांच्या काळजाला ती सोसत नाही. पोटात गेली की ठोक्याचा ताळ सुटतो." मग सासऱ्यांकडं वळून कानडीत म्हणाले, "कुडिसब्याड्री." पाजू नका.

आणि नळीची टोकं त्यांनी सासऱ्यांच्या कानांत घातली. सासरे वाकून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पिशवीत कोंबडी कोंबल्यागत फडफडतंय की वो हे," ते म्हणाले.

औषध पोटात गेलं, रात्र तिथंच काढली, सकाळी ठोके ठिकाणावर आले. निघताना डॉक्टर म्हणाले, "हे पुन्हा होईल. पण भिऊन बसू नका. काम करा, जेवा, हिंडा. दारू मात्र नाही."

"सणाला?" मी विचारलं.

"सणालाही नाही."

घरी आलो, पण मागावर बसायचा धीर होईना. छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसायचो. बायकोनं सुताच्या कांड्या भरायचा चरखा माझ्या मागाशेजारी आणून मांडला आणि म्हणाली, "म्या हाय हितं. इणा थोडं." मी थोडं विणलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. शनिवारी दोस्तांत जाऊन बसायचो ते समोरच्या हॉटेलातला चहा मागवून. आधी त्यांनी चेष्टा केली, मग एकजण स्वतःसाठीही चहा सांगू लागला. रविवार शांत जायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या गावी देवीची म्हाई, म्हणजे जत्रा होती. बकरं पडलं होतं, पुरुषांची पंगत बसली होती, पेले फिरत होते. सासऱ्यांच्या चुलतभावानं माझ्यापुढं पेला धरला.

"जावई शिवत न्हाय म्हंजे आमचा मान ठेवत न्हाय."

सासऱ्यांच्या हातात स्वतःचा पेला होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "त्येंचं काळीज म्या कानानं ऐकलंय. तू न्हाय ऐकलंस. ठेव त्यो खाली."

पेला खाली गेला. नंतर कुणी आग्रह केला नाही. चुलत सासूबाईंनी माझ्यापुढं तांबड्या रश्शाची वाटी ठेवली, ती मी पुन्हा पुन्हा भरून घेतली.

काळीज अजूनही कधीमधी उधळतं, ताप येऊन गेल्यावर किंवा झोप मोडल्यावर. मी भिंतीला टेकतो. बायको पाठीवर हात ठेवून संध्याकाळी काय रांधायचं ते बोलत राहते. तेवढ्यात ते जागेवर येतं.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मुलीच्या लग्नाची साडी मी माझ्या हातानं विणली. सासरे तोवर पुष्कळ थकले होते. तरी मोटारीनं आले, मागापाशी बसले आणि काठावरून बोट फिरवत म्हणाले, "मला बी एक धोतर इणा की."

"केवढं जाड पायजे, मामा?"

"थंडी अडंल येवढं," ते म्हणाले. मी त्यांचं माप घेतलं.